माठ बेस देत नाही, भाऊ

"जुन्या टीव्हीचा स्पीकर माठाच्या तोंडावर बसवा, फवारणी पंपाची बॅटरी जोडा, 100 वॅटचा दणदणीत बेस मिळवा. होम थिएटर फिकं पडेल." आपल्या इकडच्या ग्रुपांवर हा दावा वर्षभर फिरतोच आहे. माठाचा स्पीकर मला आवडतो, म्हणूनच हे खोडून काढणं भाग आहे. असं ऐकून बसवणारा पोरगा पहिल्याच गाण्याला हिरमुसतो आन् सामान भंगारात टाकतो.

पहिलं म्हणजे माठातून बेस, म्हणजे खालचे जाड सूर, "निघतो" हे. स्पीकरचा कागदी कोन पुढची हवा ढकलतो तेव्हाच मागची हवा ओढत असतो. उघडा स्पीकर हातात धरून वाजवला, तर मागची हवा कडेनं वळून पुढचीला मारून टाकते, आणि खालचे सूर आधी मरतात. माठ या दोघींच्या मध्ये भिंत घालतो, एवढंच त्याचं काम. शिवाय आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनाला अडवते. तीन इंची स्पीकर मुळातच साधारण 100 हर्ट्‌झच्या (सेकंदाला 100 कंपनांच्या) खाली ढिला पडतो, लहान माठात तो आणखी वरच अडकतो. मोठा माठ घेतला तर अडवणूक कमी होते, पण तेवढ्याशा कोनानं हवा ढकलायची तरी किती? खालच्या सुरांना मदत म्हणून पोटाला भोक पाडून नळी बसवता येते. 10 लिटरच्या माठाला 4 सेंटिमीटर व्यासाची, 10 सेंटिमीटर लांबीची नळी लावली तर ती 55 हर्ट्‌झच्या आसपास घुमते. या स्पीकरला ते फार खाली झालं. नळीची लांबी 3 सेंटिमीटरवर आणली की 80 च्या जवळ येते, तिथे थोडाफार उपयोग.

माठाचा खरा गुण वेगळाच आहे. गोल, भाजलेली भिंत पातळ प्लायवूडसारखी थरथरत नाही. रिकामा माठ मात्र टणटणतो, तेव्हा आत पिंजलेला कापूस सैलसर भरायचा. वऱ्हाडात कापसाला काय तोटा! कुंभाराच्या चाकावरचं तोंड अगदी सपाट नसतं, म्हणून प्लायवूडची कडी कापून एम-सीलनं फट बुजवा. फट राहिली की वर सांगितलेली भिंतच गेली.

100 वॅटचं गणित तर सोपं आहे. पंपाची बॅटरी 12 व्होल्टची. 4 ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध) स्पीकरला ब्रिज पद्धतीचा, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारांना जोर देणारा, अ‍ॅम्प्लिफायर बोर्डही त्यातून जास्तीत जास्त 18 वॅट देऊ शकतो, आणि तेही कागदावर. साधा बोर्ड साडेचारच्या आत. व्होल्टेज वाढवणारी जोडणी नसेल तर डब्यावर कितीही आकडा छापा. आणि ताकद दुप्पट केल्यानं आवाज फक्त 3 डेसिबलनं वाढतो, जेमतेम कळेल इतका.

"जितके स्पीकर तितका आवाज" म्हणून चार चार स्पीकर एकमेकांना समांतर जोडणारे महाभागही आहेत. 8 ओहमचे चार समांतर म्हणजे 2 ओहम. 4 ओहमसाठी बनलेला बोर्ड तापतो, बंद पडतो, कधी जळतोही. दोन दोन सिरीजमध्ये घेऊन त्या जोड्या समांतर करा, परत 8 येतात. आधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून कोन कोणत्या बाजूला उडतो ते पाहा. एक जरी उलटा लागला तर स्पीकर एकमेकांचा बेस खातात.

स्पीकर काढायचा म्हणून जुना ट्यूबवाला टीव्ही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये झटका राहतो. दुरुस्तीवाल्याकडे सुटा मिळतो.

उरला होम थिएटरचा दावा. पोळ्याच्या मिरवणुकीत हा माठ कुणाला ऐकू जायचा नाही. पण माणसाचा आवाज त्याला छान जमतो. आकाशवाणी नागपूरच्या बातम्या, तुकडोजी महाराजांची भजनं ओसरीवर लावून बघा, खंजिरीची थाप स्वच्छ येते.