खुलासा : तारे लांबट आले म्हणून लेन्स विकू नका
ठाण्यातल्या आकाशछायाचित्रकारांत मेसेज फिरतोय: ‘गायडिंगचा आलेख सपाट असूनही तारे लांबट आले, तर लेन्स खराब.’ (गायडिंग म्हणजे लेन्सशेजारच्या छोट्या गायड दुर्बिणीतून एका ताऱ्यावर नजर ठेवून कॅमेऱ्याचा आकाशाबरोबरचा पाठलाग सतत सुधारणे; आलेख सपाट म्हणजे तो पाठलाग अचूक.) हे चूक आहे. गायड दुर्बिणीला शेजारची लेन्स वजनाने वाकलेली कळतच नाही. समजा, २०० मिमी लेन्स आणि कॅमेऱ्यात ४ मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) पिक्सेल. म्हणजे प्रतिमा अवघी ८ मायक्रॉन सरकली तरी तारा दोन पिक्सेल ओघळतो! आधी ५ सेकंदांचा फोटो काढा. त्यात तारे गोल आणि ५ मिनिटांच्या फोटोत सगळे एकाच दिशेने ताणलेले असतील, तर लेन्स बहुधा निर्दोष आहे. कॅमेऱ्याखालच्या एकाच स्क्रूवर भार नको. लेन्सला कॉलर (लेन्सभोवती बसणारे आधाराचे कडे), पुढे आधाराची दुसरी रिंग, आणि लेन्स ज्या पट्टीवर बसवली त्याच पट्टीवर गायड दुर्बीणही घट्ट. लोंबणारी केबल बांधा. येऊरला माझे तारे एवढ्यानेच गोल झाले.