व्हीलचेअरमध्ये एक तास कसा बसावा

दिव्यांगांची शुश्रूषा करणाऱ्या एखाद्या सेवाभावी संस्थेने आपल्याला, एका उद्योगसमूहाचे प्रमुख म्हणून, व्हीलचेअरमध्ये तासभर बसण्याचे निमंत्रण दिले, तर ते अवश्य स्वीकारावे. आपण बसल्याशिवाय देणगी उठत नाही, हे संस्थेला अनुभवाने ठाऊक झालेले असते. तिने आपल्याला बसवले असे उगाच मनाला लावून घेऊ नये.

खुर्ची कशी असावी, याची चिंता करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ज्या सुमारे ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे, त्यांच्या बाबतीत ती अंगाच्या मापाची असणे भाग असते, कारण चुकीच्या मापाच्या खुर्चीने खांदे दुखावतात आणि सतत दाब पडून त्वचेला व्रण होतात. मज्जारज्जूला इजा होऊन ज्यांच्या कमरेखालची संवेदना गेली आहे, त्यांना दर १५ ते ३० मिनिटांनी आठवण ठेवून अंगाचा भार हलवावा लागतो. आपल्याला तासाभरात अंग उचलण्याची वेळ आलीच, तर ती बहुधा मागच्या खिशातल्या पाकिटामुळे येईल.

मार्गाची पाहणी सचिवांकडून आधीच करून घ्यावी. फरशी गुळगुळीत असावी, दारे रुंद असावीत आणि प्रसाधनगृहाचा प्रसंग येऊ नये म्हणून सकाळपासून पाणी बेताने प्यावे. (रोज खुर्ची वापरणारे अनेक जण बाहेर पडताना हेच करतात; तेवढा एक अनुभव आपल्याला अस्सल मिळेल.) व्यासपीठाला पायऱ्या असल्यास चार स्वयंसेवक आपल्याला खुर्चीसकट वर उचलून नेतील. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे ती मंडळी खालीच राहतील, पण त्यांना तिथून आपण नीट दिसाल.

भाषणात ‘आज मला त्यांचे दुःख समजले’ हे वाक्य असू द्यावे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की, अपंगत्वाची अशी नक्कल केल्यावर माणसांची कणव वाढते, असहायतेची भावनाही वाढते, परंतु अपंग व्यक्तींशी प्रत्यक्ष वागण्याबाबतची वृत्ती काही सुधारत नाही. यात खट्टू होण्यासारखे काही नाही, कारण धनादेश कणवेवरच निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींविषयीच्या २००६ च्या करारात मात्र सुगम्यता आणि रोजगार यांबाबत ‘हक्क’ हा शब्द आला आहे. तो भाषणात टाळावा. त्याने लोक नोकरी मागू लागतात.

तास संपल्यावर सावकाश उठावे, म्हणजे छायाचित्रकाराला वेळ मिळतो. भारावलेल्या मनःस्थितीत खुर्ची कार्यालयात न्यावी असे वाटल्यास तो मोह आवरावा. आपल्या प्रवेशद्वाराशी तीन पायऱ्या आहेत. प्रत्येकी १५ सेंटीमीटर धरल्यास ४५ सेंटीमीटर चढ होतो, आणि १:१२ या सर्वमान्य प्रमाणाने त्यासाठी ५ मीटर ४० सेंटीमीटर लांबीचा रॅम्प लागतो. तेवढी जागा दाराशी आहे, नाही असे नाही. तिथे आपली गाडी उभी असते.