टिचकी मारून बेअरिंग विकणं बंद करा

बोटांच्या चिमटीत बेअरिंग धरायचं, दुसऱ्या हाताने एक टिचकी मारायची आणि अर्धा मिनिट ते फिरताना दाखवायचं. वर मोठ्या अक्षरांत 'सुपर स्मूथ, एबीईसी ९, सिरॅमिक'. आरसी, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीचं बेअरिंग विकायचं तर हा व्हिडिओ हवाच, असं जणू सगळ्यांनी मिळून ठरवलंय. विकणाऱ्यांचं एक वेळ समजतं, त्यांना माल खपवायचाय. पण मैदानावर गाडी घेऊन येणारी आपली पोरंही तेच करायला लागलीत. बेअरिंग धुतलं, वाळवलं, टिचकी मारली, 'बघ, थांबतच नाय!' म्हणून चौघांना दाखवलं आणि तसंच ठणठणीत कोरडं चाकाच्या हबमध्ये बसवलं. दोन रविवार गेले की चाकातून खरखर सुरू, आणि मग मलाच विचारणार, 'दादा, चांगलं बेअरिंग कुठलं घेऊ?' अरे, चांगलंच होतं की तुझं! तूच त्याचं वाटोळं केलंस!

कोरडं बेअरिंग जास्त वेळ फिरणारच. आत ग्रीस असेल तर ग्रीस छर्ऱ्यांना अडवतं, रबरी सील असेल तर त्याची कड आतल्या रिंगला घासते, म्हणून नवंकोरं, उत्तम, व्यवस्थित भरलेलं बेअरिंग टिचकीला जेमतेम एक-दोन फेरे घेतं आणि थांबतं. ते तसंच थांबायला हवं! टिचकीने फक्त एवढंच कळतं की आत तेल-ग्रीस किती कमी आहे. बोटावर बेअरिंगला वजनच नसतं. गाडीत ते गेलं की वर दीड-दोन किलोची बग्गी, तीही उडी मारून आपटणारी. छर्रा आणि रेस, म्हणजे रिंगेतली तो पळतो ती खाच, एकमेकांना टेकतात तो ठिपका डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही, आणि सगळा भार त्या ठिपक्यावर. मध्ये तेलाचा पातळ थर असेल तर ठीक, नसेल तर लोखंडावर लोखंड. रेसवर बारीक खड्डे पडतात, छर्रे खराब होतात, त्यांची पूड आतच फिरत राहते आणि ती उरलंसुरलं खाते. आणि याला आपण 'फ्री' म्हणतो.

त्या एबीईसीचा तर मला आता तिटकारा आलाय. १, ३, ५, ७, ९ असे त्याचे वर्ग आहेत आणि ते मापांच्या अचूकतेचे आहेत: भोक किती नेमकं, बाहेरचा व्यास किती नेमका, रिंग फिरताना किती हलते. बस. पोलाद कुठलं, ग्रीस कुठलं, सील धूळ अडवतं की नाही, यातलं एक अक्षरही त्या आकड्यात नाही. आणि तुमच्या चाकाला त्याचं करायचंय काय? साधारण ८५ मिलिमीटरचं चाक ताशी ५० किलोमीटरने पळवलंत तरी ते मिनिटाला तीन हजारांच्या आसपासच फिरतं. एवढ्या वेगाला साधं, नीट ग्रीस भरलेलं बेअरिंग आरामात पुरतं. वर बिननावाच्या प्लास्टिकच्या पाकिटावर '९' छापलं तर ते तपासायला कोण बसलंय? मी अमुक पैसे जास्त का द्यायचे? एका छापील आकड्याचे?

सिरॅमिकचंही तसंच. त्यात छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असतात, दोन्ही रिंगा पोलादाच्याच. छर्ऱ्याला गंज चढत नाही हे खरं, पण रिंगेला चढतो. धूळ आत शिरायची ती शिरतेच. मोटरच्या शाफ्टवर, जिथे तीन सेलच्या बॅटरीवर ३००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३००० फेरे घेणारी) मोटर मिनिटाला तीस हजारांपलीकडे जाते, तिथे मी समजू शकतो. पण लाल मातीत लोळणाऱ्या बग्गीच्या चाकात सिरॅमिक घाला असं सांगणाऱ्याला त्या मातीत अर्धा तास गुडघ्यावर बसवून बेअरिंगं काढायला लावलं पाहिजे.

आता साफसफाई. फोर व्हील ड्राइव्ह बग्गीत वीसएक बेअरिंगं सहज असतात, नुसत्या चार चाकांतच आठ. ती साफ करायचा कंटाळा मला नाही. संताप येतो तो हे कुणी साफ करू देत नाही याचा. पाकिटावर '५×१०×४' एवढंच लिहितात, म्हणजे भोक, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. झाकण रबरी आहे की पत्र्याचं? पत्र्याचं असेल तर बारीक तारेच्या रिंगेने अडकवलंय की कायमचं दाबून बसवलंय? हे कुणी लिहीतच नाही. रबरी असेल तर टाचणीचं टोक आतल्या कडेला अलगद घालून उचललं की झाकण सुटतं आणि परत बसतंही. तारेची रिंग असेल तर तिची चीर शोधून टोक उचकटायचं, अंगठा वर धरायचा, नाहीतर ती उडून कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. पण दाबून बसवलेलं असेल तर ते उघडताना वाकतंच, म्हणजे ते बेअरिंग नीट धुता येणार नाही, वापरा आणि टाका. टाकायला माझी हरकत नाही! पण आधी सांगा ना! मी वीस नग घेताना सांगा, उघडायला बसल्यावर कळून काय उपयोग?

धुवायला माणसं काय काय वापरतात ते ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. रॉकेल, ज्याचा तेलकट थर आतच राहतो आणि पुढची धूळ त्यालाच चिकटते. नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन, ज्याने नायट्राइल रबराचं सील फुगतं आणि मग ते परत खाचेत बसत नाही. पाणी मिसळलेलं स्पिरिट, आणि वर वाळवायचं विसरून रात्रभर ठेवायचं. आपली बहुतेक स्वस्त बेअरिंगं क्रोम स्टीलची असतात, त्यांना गंजायला एवढं पाणी पुष्कळ झालं. रंगाच्या दुकानात एमटीओ मिळतं, साधं टर्पेंटाइनसारखं, ते घ्या. झाकणं काढा, बेअरिंगं काचेच्या छोट्या बरणीत टाका, बुडतील एवढं एमटीओ ओता आणि हलवा. पहिल्याच हलवण्यात छर्ऱ्यांमधून काळा धूर निघावा तशी घाण बाहेर येते, आणि बरणीच्या तळाशी बारीक चकचकीत कण बसतात. ती चकाकी म्हणजे तुमच्या कोरड्या टिचकीची कमाई, ती रेस आहे, झिजून उतरलेली. ते ओतून टाका, नवं घ्या, स्वच्छ निघेपर्यंत धुवा. शेवटी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, आणि पूर्ण वाळू द्या. यात अवघड काय आहे? दिवाळीच्या आधी पंखा पुसता त्यापेक्षा कमी वेळ लागतो.

आणि मग वाळवताना कंप्रेसर! त्या हवेच्या झोताने बेअरिंग गरागरा फिरवायचं, शिट्टी वाजली की खूश व्हायचं. हे मी जिथे बघतो तिथे ओरडतो आणि यापुढेही ओरडणार. तेल नसलेलं बेअरिंग हवेने फिरतं तेव्हा त्याला आवर नसतो. काही सेकंदांत ते स्वतःची रेस खरवडून घेतं, आणि ते फुटलं तर छर्रे गोळीसारखे उडतात. समोर तोंड कुणाचं असतं? बारा-तेरा वर्षांच्या पोराचं, कारण त्याला शिट्टी ऐकायची असते. हवा मारायचीच तर दोन्ही रिंगा बोटांनी घट्ट धरा, फिरू देऊ नका.

मग येतो डब्ल्यूडी-४०. घरात काही करकरलं की हाच डबा. १९५३ साली सॅन डिएगोत तो गंज थोपवायला, धातूवरचं पाणी हटवायला बनवला गेला, आणि ते काम तो छान करतो. भिजलेल्या बेअरिंगमधलं पाणी काढायला मारा, जरूर मारा. पण त्यातला बराचसा भाग उडून जाणारा सॉल्व्हंट आहे. तो आतलं चांगलं ग्रीस धुऊन काढतो आणि मागे उरतो तो अगदीच पातळ थर. पण टिचकी मारली की काय फिरतं! म्हणून 'सॉलिड काम झालं'. परत तेच, परत ती टिचकी!

खोबरेल तेल सांगणारे वेगळेच. केसांना लावा हो, बेअरिंगला कशाला? २४-२५ अंशांच्या खाली ते गोठतं. पुण्यात डिसेंबरातल्या सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, हे प्रत्येक घरात माहीत आहे, तरी सल्ला द्यायचाच. शिवणयंत्राचं तेल मात्र मी चालवून घेतो. मोटरला, गिअरबॉक्समधल्या जोरात फिरणाऱ्या बेअरिंगला, डांबरावर पळणाऱ्या गाडीला त्याचा एकेक थेंब बरा असतो. एक थेंब, धार नव्हे. पण मातीत जाणाऱ्या चाकाला ग्रीसच हवं. आतल्या मोकळ्या जागेचा साधारण तिसरा भाग भरेल एवढंच, टूथपिकच्या टोकाने, फिरवत फिरवत. ठासून भरलंत तर ते घुसळलं जातं आणि तापतं. ग्रीस तेलापेक्षा जड फिरतं, हो, फिरू दे की! तेच ग्रीस कडेला थांबून धूळ आत येऊ देत नाही.

पावसाळ्यात तर कहरच. चिखलात गाडी खेळवायची, मजा येते, मीही खेळवतो. पण नंतर ती उचलून गाड्या धुवायच्या सेंटरवर न्यायची आणि त्या प्रेशरच्या नळीचं तोंड थेट हबवर धरायचं? ते सील उडालेली धूळ अडवायला असतं, पंपाच्या जोराचं पाणी अडवायला नाही. पाणी चिखल घेऊन आत जातं आणि तिथेच बसतं. जुलैच्या दमट हवेत सकाळपर्यंत आत तांबूस गंज. चिखल वाळू द्या, ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा, कोण मागे लागलंय? नायलॉनच्या मांजाचंही तेच, देशभर बंदी २०१७ पासून आहे, तरी संक्रांतीनंतर मैदानभर तो नायलॉन पडलेला असतो. तो अॅक्सलला गुंडाळला जातो, गरम होऊन सीलमध्येच रुततो, आणि चाक काढून बघितल्याशिवाय कळतही नाही.

आणि बेअरिंग काढताना आतल्या रिंगेवर स्क्रू ड्रायव्हर लावून हातोडी मारणाऱ्यांनो, तो सगळा मार छर्ऱ्यांतून रेसवर जातो. रेसला वाटीसारखे खळगे पडतात आणि मग अॅक्सल फिरवताना ठराविक ठिकाणी टक-टक अडकतं. ते जगातल्या कुठल्याही तेलाने जाणार नाही. हबमध्ये बाहेरची रिंग घट्ट बसते, तर दाबायचीही तीच. बसवताना तिच्याच मापाचा पान्याचा सॉकेट घ्या आणि सरळ दाबा.

गेल्या आठवड्यात एका विक्रेत्याला मी सरळ तीन प्रश्न विचारले. झाकण निघतं का? आत ग्रीस आहे की तेल? पोलाद साधं की स्टेनलेस? उत्तरात काय आलं? व्हिडिओ. बोटांच्या चिमटीत बेअरिंग आणि टिचकी. मी म्हटलं, अहो, मी विचारलं काय आणि तुम्ही पाठवलंत काय? तर म्हणे, 'सर, बघा ना किती फ्री आहे, कस्टमर खूश आहेत.' मी तो माल घेतला नाही आणि कुणाला घेऊही देणार नाही. पाकिटावर त्या तीन ओळी छापा, फार नाही मागत. धुळीच्या मैदानासाठी असेल तर तसं लिहा, गुळगुळीत ट्रॅकसाठी असेल तर तसं. आणि व्हिडिओच टाकायचा असेल तर बेअरिंग चाकात घालून महिनाभर मातीत पळवा, मग झाकण उघडून आत काय उरलंय ते दाखवा.