मास्क जरा खाली घ्या

आज दुपारी एका मैत्रिणीने एका कंपनीची पोस्ट पाठवली. 'सामाजिक बांधिलकीचा प्रवास' की असंच काहीतरी. तिला आवडली म्हणून पाठवली, तिची काही चूक नाही. मी चहा पिता पिता फोटो सरकवत होते. झाडं लावलेली, झेडपीच्या शाळेला बेंच दिलेले, आणि मग लॉकडाऊनचा फोटो. त्यात पिशवी घ्यायला हात पुढे केलेला माणूस माझा दादा आहे.

दादा संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत त्याच कंपनीत नऊ वर्षं होता. होता म्हणायचं आपलं, कंपनीच्या कागदावर कधीच नव्हता. ठेकेदाराचा माणूस. सात महिने झाले की ब्रेक, मग नवा गेटपास, मशीन मात्र तेच. 25 मार्च 2020 ला लॉकडाऊन लागलं आणि एप्रिलच्या सुरुवातीला ठेकेदाराचा फोन आला: मार्चची जेवढी हजेरी भरली तेवढे पैसे जमा होतील, पुढचं नंतर बघू. ते 'नंतर' अजून यायचंय.

मेच्या पहिल्या आठवड्यात वाळूजलगतच्या रांजणगावात कंपनीचं किटवाटप झालं. पाच किलो पीठ, दोन किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, तेलाची पिशवी, चहापत्ती, दोन साबण. पिशवीवर लोगो एवढा मोठा की लांबून आधी तोच दिसावा. दादा रांगेत होता. तोंडाला रुमाल बांधलेला, आणि त्याला रुमालाचं बरंच वाटत होतं, कोणी ओळखणार नाही म्हणून. नंबर आला तसा फोटोवाला म्हणाला, "काका, मास्क जरा खाली घ्या, चेहरा येत नाहीये." सगळं जग मास्क वर घ्या म्हणत होतं तेव्हा. आणि दादा अडतीस वर्षांचा होता. काका!

मला सांगा, याला दान म्हणायचं?

नफ्यातले दोन टक्के समाजकामावर (म्हणजे सीएसआरवर) खर्च करायला तर 2013 च्या कंपनी कायद्यानेच सांगितलंय, मोठ्या कंपन्यांना ते काढावेच लागतात. 23 मार्च 2020 ला सरकारने सांगितलं की कोरोनावरचा खर्च सीएसआरमध्ये धरू. पीएम केअर्सला दिलेले धरू, मुख्यमंत्री निधीला दिलेले धरणार नाही (हे का, ते तुम्हीच ओळखा). आणि 10 एप्रिलच्या खुलाशात एक गोष्ट आहे, ती मला आता पाठ झालीये: लॉकडाऊनमधला कामगारांचा पगार सीएसआरमध्ये धरता येणार नाही, ती मालकाची नैतिक जबाबदारी आहे. म्हणजे दादाला दिलेलं पीठ हिशोबात बसतं. दादाचा पगार बसत नाही. नियम चुकीचा नाही म्हणा, पगार म्हणजे उपकार नव्हे हेच त्यात लिहिलंय. पण नैतिक जबाबदारीचा फोटो निघत नाही ना!

गृह मंत्रालयाने 29 मार्चला पगार कापू नका असा आदेशही काढला होता. मालक लोक सुप्रीम कोर्टात गेले आणि मेमध्ये आदेशच मागे घेतला गेला. किटं मात्र वाटून झाली होती.

किटवाटपाच्याच आठवड्यात, 8 मेच्या पहाटे, करमाडजवळ रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या स्टील कारखान्यातले, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघालेले. रुळावर विखुरलेल्या त्या पोळ्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. करमाड आमच्यापासून शहराच्या पलीकडच्या बाजूला. दादा त्या रात्री वहिनीला म्हणाला होता, आपण बी उद्या चालत निघू. वहिनीने अडवलं.

आता कोणीतरी टाटांचं नाव घेईल. घ्या. 1500 कोटी दिले, ताजमध्ये डॉक्टरांना ठेवून घेतलं, आणि 2021 ला जेएसडब्ल्यूच्या डोलवीसारख्या स्टील कारखान्यांतून ऑक्सिजन आला नसता तर आपल्यातले बरेच जण आज नसते. मान्य. पण हाच 'दान' शब्द कुठे कुठे वापरला तेही आठवा. एप्रिल 2021 मध्ये सीरम कंपनीने आपल्या कोविशील्ड लसीचा राज्यांसाठी दर 400 रुपये जाहीर केला, आठवड्याभरात 300 केला आणि वर सांगितलं की हा आमचा दानशूरपणा. केंद्राला तीच लस तेव्हा 150 ला होती. गुलमंडीवरचा साडीवाला बाराशेची साडी नऊशेला देतो, तोही निदान "ताई, फक्त तुमच्यासाठी" एवढ्यावरच थांबतो.

जाऊ दे. राग आला की मी फार लिहिते.

एक मात्र सांगायला हवं. त्याच कंपनीच्या एचआरमधल्या एका पोराने दादाला रात्री अकराला फोन केला होता. काहीच बोलता येईना त्याला, नुसता "सॉरी दादा, सॉरी दादा". दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खात्यातून दोन हजार पाठवले. दिवाळीला दादा परत करायला गेला तर घेईना. मग दादाने त्याच्या पोरीला फ्रॉक नेला. सगळेच वाईट होते असं मी म्हणत नाहीये. पण ते पोरगं पगार द्यायचं ठरवणाऱ्या खुर्चीत नव्हतं, आणि त्या खुर्चीतला माणूस फोटोत दादाच्या शेजारी उभा आहे. त्याचा मास्क वरच आहे बरं का. व्यवस्थित, नाकावर.

ती पिशवी अजून आहे घरात. वहिनी त्यात कांदे ठेवते.

म्हटलं आज कंपनीचं नाव टाकायचं, टॅग करायचं, होऊ दे काय व्हायचं ते. आधी दादाला फोन लावला. म्हणाला, "पाहिला की मी फोटो. लाईक बी केला."

मी गप्पच.

"अगं, पोराचं आयटीआय झालं. तिथंच अप्रेंटिसला लागायचं चाललंय त्याचं. तू उगं नाव टाकू नको."

म्हणून नाव टाकलेलं नाही. कमेंटमध्ये विचारू नका, ओळखलं असेल तरी लिहू नका.

फोन ठेवता ठेवता म्हणाला, "माझे केस बघितले का फोटोत? सगळे काळे होते तवा."