‘गाडी मस्त चाललीय, मग उभी का ठेवू?’ : रिकॉलवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. मी नुकत्याच घेतलेल्या मोटरसायकलच्या मॉडेलवर कंपनीने सुरक्षा रिकॉल काढला, म्हणजे बनवतानाचा दोष दुरुस्त करून देण्यासाठी त्या गाड्या परत बोलावल्या. पुढच्या ब्रेकचा होज (ब्रेक ऑइल वाहून नेणारी लवचिक नळी) धातूच्या टोकात जिथे दाबून बसवतात, तो जोड काही गाड्यांत पुरेसा आवळला गेलेला नाही आणि तिथून ब्रेक ऑइल झिरपू शकतं, असं पत्रात होतं. मी होज बदलून मिळेपर्यंत गाडी चालवली नाही आणि ज्यांच्याकडे हीच गाडी आहे त्यांनीही चालवू नये, असं लिहिलं. तुमच्याकडेही हीच गाडी आहे. तुमचं म्हणणं असं: गाडीला एकही तक्रार नाही, ब्रेक कडक लागतो; सर्व्हिस सेंटरवाल्यांनीच ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बदलून देऊ’ म्हणून सांगितलंय; घरात दुसरी गाडी नाही, सकाळी लेकीला शाळेत सोडून तसंच कामावर जावं लागतं; आणि जी कंपनी स्वतःहून चूक सांगते तिच्याविषयी असं लिहून मी लोकांना नाहक घाबरवतोय.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. ‘आज ब्रेक कडक लागतो’ यावरून जोड चांगला आहे हे ठरत नाही. रोजच्या चालवण्यात आपण लिव्हर दोन बोटांनी हलकेच दाबतो आणि होजमधला दाब त्या मानाने कमीच राहतो. समोर अचानक कुणी आडवं आलं की पूर्ण मूठ आवळली जाते, तेव्हा तोच दाब कितीतरी पटीने वाढतो. कच्चा जोड हलका दाब महिनोन् महिने सहन करतो. तो सुटायचा असेल तर त्या आवळलेल्या मुठीतच सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त. म्हणजे ब्रेकची खरी गरज आणि जोडाची खरी परीक्षा एकाच क्षणी येते. ऑइल बाहेर गेलं की लिव्हर थेट ग्रिपला टेकतो आणि तेच ऑइल डिस्कवर किंवा टायरवर उडालं तर उरलीसुरली पकडही जाते.

हे फक्त ब्रेकच्याच बाबतीत होतं असंही नाही. रॉयल एनफिल्डने मे २०२१ मध्ये सात देशांतल्या मिळून २,३६,९६६ मोटरसायकली इग्निशन कॉइलसाठी परत तपासायला घेतल्या. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळातली ती कॉइल होती. दोष होता मिसफायर होण्याचा, ताकद कमी होण्याचा आणि क्वचित शॉर्टसर्किटचा. कॉइलचं काम बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करून प्लगला ठिणगी देण्याचं. सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितका ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतो. त्यामुळे कमजोर कॉइल सिग्नलला उभं असताना आणि संथ चालवताना गुमान काम करते. ओव्हरटेक करायला थ्रॉटल पूर्ण पिळला की मात्र दगा देते, नेमकं तेव्हाच जेव्हा तुम्ही समोरून येणाऱ्या गाडीच्या लेनमध्ये असता. त्याच कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे २६,३०० क्लासिक ३५० गाड्या मागच्या ड्रम ब्रेकच्या एका ब्रॅकेटसाठी बोलावल्या. ड्रमची प्लेट ब्रेक लावताना चाकाबरोबर फिरू नये म्हणून ती स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) अडकवलेली असते आणि ते अडकवण्याची जागा अतिशय जोरात ब्रेक मारल्यास खराब होऊ शकते, असं कंपनीनं म्हटलं होतं. या गाड्या १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर २०२१ दरम्यान बनलेल्या. म्हणजे त्यांतल्या कितीतरी गाड्या अगदी नव्या कोऱ्या असतील, आणि त्यांच्या मालकांनाही तुमच्यासारखंच ‘काहीच तर होत नाहीये’ वाटलं असणार.

तरीही तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट रास्त आहे: प्रत्येक रिकॉल सारखा नसतो. हेडलाइटच्या कोनाचा, स्टिकरवरच्या चुकीच्या आकड्याचा किंवा मीटरच्या सॉफ्टवेअरचा रिकॉल आला तर सवडीने गेलं तरी चालतं. काही पत्रांत कंपनीच स्पष्ट लिहिते की दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका. तिथे तर वादच नाही. मधल्या पत्रांसाठी माझी कसोटी एवढीच की हा भाग निकामी झाला तर मला सावरायला वेळ मिळेल का? ब्रेक, स्टिअरिंग, चाक आणि एक्सल, पेट्रोल गळती, चालती गाडी अचानक बंद पडणं, चेन तुटून चाक जाम होणं, यांत तो वेळ मिळत नाही. चारचाकीत यातल्या काही गोष्टी झाल्या तरी माणूस निदान आसनावर बसलेला असतो. दुचाकीवर तो रस्त्यावर पडतो.

‘सावकाश चालवतो आणि मागचा ब्रेक आहेच की’ असंही तुम्ही ओघात म्हटलंय. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला खूपच जास्त अंतर लागतं. जोरात दाबला तर मागचं चाक घसरतं. मागच्या चाकालाही एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर घसरणार नाही, पण अंतर काही कमी होणार नाही. आणि मागे कुणी बसलेलं असलं की तेवढंच जास्त वजन थांबवायचं असतं.

आता सर्व्हिस सेंटरचं म्हणणं. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला करू’ हे वाक्य बहुतेक वेळा पार्ट आलेला नसतो म्हणून निघतं. काउंटरवरच्या माणसाला दोषाचा तपशील ठाऊक असेलच असं नाही आणि रोज येणाऱ्या गर्दीला तोंड देताना तो जे सोयीचं ते सांगतो. त्याच्यावर माझा राग नाही. पण हा निर्णय त्याच्या अखत्यारीतला नाही. ‘नंतर करू’ची किंमत काय असू शकते याचं एक उदाहरण सांगतो, ते वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेत रेचेल आणि जॅकलिन हाउक या दोन बहिणी भाड्याच्या कारमध्ये मरण पावल्या. एक चोवीस वर्षांची, दुसरी वीस. पॉवर स्टिअरिंगच्या होजमधून गळती होऊन बॉनेटखाली आग लागू शकते म्हणून त्या मॉडेलवर रिकॉल निघाला होता आणि त्याचं पत्र भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे आधीच पोचलं होतं. दुरुस्ती फुकट होती. ती करून न घेताच कार पुढे भाड्याने दिली गेली. त्यांच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि रिकॉलची दुरुस्ती न झालेली कार मोठ्या कंपन्यांनी भाड्याने देऊ नये असा कायदा २०१५ मध्ये झाला. त्याला या दोन बहिणींचंच नाव आहे.

कंपनीच्या बदनामीबद्दल. रिकॉल काढला म्हणून मी कंपनीला एका शब्दानेही दोष दिलेला नाही, मूळ लेख पुन्हा पाहा. लाखो भाग बनतात, पुरवठादाराच्या एखाद्या बॅचमध्ये खोट निघते. ती कळल्यावर सांगणारी कंपनी मला न सांगणारीपेक्षा कधीही जवळची. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण आठवा. चालत्या कारमध्ये किल्लीचा स्विच सरकून इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. कंपनीतल्या लोकांना अडचण वर्षानुवर्षे माहीत होती, रिकॉल निघाला २०१४ मध्ये. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यू त्या दोषाशी जोडलेले मानले. माझी तक्रार अशा गप्प बसण्याबद्दल असते. पण कंपनीने प्रामाणिकपणे सांगितलं आणि आपण ऐकलंच नाही, तर त्या प्रामाणिकपणाचा उपयोग काय झाला?

तुमचा सगळ्यांत खरा प्रश्न दुसऱ्या गाडीचा आहे. त्यावर मी मूळ लेखात पुरेसं लिहिलं नव्हतं असं तुम्हाला वाटलं, तर आता लिहितो. पार्ट नसेल तर गाडी वापरता येत नाही, ही अडचण तुमची नसून कंपनीची आहे, आणि ती कंपनीला तशी सांगावी लागते. फोनवर नाही, लेखी. ग्राहक सेवेला ईमेल करा आणि सर्व्हिस सेंटरला त्याची प्रत पाठवा. त्यात फ्रेम नंबर, रिकॉलचा क्रमांक, पत्र कधी मिळालं आणि सर्व्हिस सेंटर काय म्हणालं हे लिहा. मग तीन गोष्टी मागा: पार्ट कधी येणार याची तारीख, गाडी टेम्पोतून उचलून नेण्याची सोय आणि तोवर वापरायला बदली गाडी. शेवटी एक थेट प्रश्न ठेवा: ‘हा दोष असताना ही गाडी चालवणं सुरक्षित आहे, असं आपण लेखी द्याल का?’ माझ्या अनुभवात या प्रश्नानंतर फोनवरचा सूर बदलला आणि पार्टही लवकर हलला. बदली गाडी प्रत्येकाला मिळेलच असं नाही. पण न मागणाऱ्याला ती नक्कीच मिळत नाही.

आणि लेकीबद्दल. मी तुमच्या घरातलं सांगणारा कुणी नाही. पण एवढे दिवस तिला शेजाऱ्यांबरोबर, बसने, रिक्षाने, जमेल तसं पाठवा. तुम्ही स्वतःचा धोका स्वतः पत्करू शकता. मागे बसलेल्या मुलीला मात्र त्या जोडाबद्दल काहीच माहीत नाही.

रिकॉल आपल्या गाडीला लागू आहे की नाही हे बघताना एक घोटाळा बऱ्याच जणांचा होतो, तोही सांगून ठेवतो. खरेदीची तारीख बघू नका, तिथे बनल्याची तारीख लागते. आज घेतलेली गाडी काही महिन्यांपूर्वीच्या बॅचची असू शकते. कंपनीच्या संकेतस्थळावर फ्रेम नंबर टाका, म्हणजे हँडलच्या खाली स्टिअरिंग हेडवर कोरलेला सतरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. म्हणून ओ वाटतो तो शून्य असतो आणि आय वाटतो तो एक. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर पत्र जुन्या मालकाकडे गेलेलं असेल, तेव्हा वाट न बघता स्वतःच तपासा.

तुमचा होज सध्या कसा आहे याची प्राथमिक खूणही बघता येते. गाडी सरळ उभी करून हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या काचेतली पातळी पाहा. ब्रेकचे पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, पण नव्या गाडीचे पॅड फारसे झिजलेले नसतात, म्हणून उतरलेली पातळी संशयास्पद समजा. जोडाभोवती पांढऱ्या कागदाचा तुकडा फिरवून ओल येते का बघा. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे जवळचा रंग फुगला किंवा सुटला असेल तर गळती आहेच. मात्र कोरडा कागद म्हणजे जोड पक्का, असं समजू नका. कारण वर सांगितलंच.

काम होईल तेव्हा जॉबकार्डवर रिकॉलचा क्रमांक आणि बसवलेल्या नव्या होजचा पार्ट नंबर लिहून घ्या, बिल शून्याचं असलं तरी घ्या. काही रिकॉलमध्ये नुसती तपासणी असते. वरच्या कॉइलच्या प्रकरणात दहा टक्क्यांहून कमी गाड्यांत कॉइल बदलावी लागेल असा कंपनीचाच अंदाज होता. तसं असेल तर ‘तपासलं, ठीक आहे’ हेही लेखी हवं. होज बदलल्यावर नवं ऑइल भरून हवा पूर्ण काढावी लागते. सेंटरमधून निघण्याआधी उभ्या गाडीवर लिव्हर जोरात दाबून धरा. तो स्पंजसारखा लागला किंवा हळूहळू ग्रिपकडे सरकला तर तिथेच परत द्या, आणि आवारातच हळू वेगात दोन-चारदा ब्रेक लावून मगच रस्त्यावर या. आठवड्याभराने फ्रेम नंबर पुन्हा टाकून कंपनीच्या नोंदीत रिकॉल ‘पूर्ण’ दाखवतोय का तेही बघा.

ईमेलला काय उत्तर येतं ते इथे जरूर लिहा. याच मॉडेलचे आणखी काही जण प्रतिक्रियांत आहेत. गाडी उचलून नेली का, बदली गाडी दिली का, पार्टला किती वेळ लागला, हे त्यांना तुमच्याकडून कळलं तर त्यांनाही तेच मागता येईल.