सासूबाई आणि गतीचा दुसरा नियम

साखरपुड्याला निघायच्या वेळी गाडीने मान टाकली. चावी फिरवली की नुसतं 'टक्'. बॅटरी उतरली होती. स्टिअरिंगवर बायको, मागे सासूबाई आणि त्यांच्या शेजारी लाडू-करंज्यांचे स्टीलचे डबे. बाहेर मी एकटा. तेव्हा धक्का कोण मारणार, हा प्रश्नच नव्हता.

मी जोर लावला. गाडी हलली, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय हलतो, तेवढीच.

तेवढ्यात तळमजल्यावरचे सर आले. निवृत्त शिक्षक, विषय भौतिकशास्त्र. मदतीला आले असं समजून मी सरकून जागा केली, तर ते हात मागे बांधून उभे राहिले.

"बल बरोबर?"

"वस्तुमान गुणिले त्वरण," मी धापा टाकत म्हणालो. नववीतली घोकंपट्टी अशी कधीही वर येते.

"गाडी, माणसं, सामान मिळून ९०० किलो धरू. तुझा जोर २५० न्यूटन, म्हणजे पंचवीस किलोचं पोतं उचलायला लागतो तेवढा. त्यातले १३० तर चाकांच्या विरोधातच जातात. उरले १२०. भागिले ९००. त्वरण आलं ०.१३!"

इंजिन पेटायला ताशी दहा किलोमीटरचा तरी वेग हवा होता. सरांच्या हिशेबाने त्याला तीस मीटर लागणार होते, आणि गेट पंधरावर. त्यापुढे चढ.

"बल वाढव, नाहीतर वस्तुमान कमी कर. न्यूटनने १६८७ सालीच सांगून ठेवलंय."

न्यूटन आजन्म अविवाहित होता. मागच्या सीटवरचं वस्तुमान कमी करायची वेळ त्याच्यावर कधी आली नसणार.

मी खिडकीशी वाकलो. "आई, जरा उतरता का?"

"का हो? मी जड झाले?"

"छे छे! डबे..."

"त्या आणि डबे उतरले की सरळ १०० किलो कमी," सर मागून खणखणीत आवाजात म्हणाले.

सासूबाई उतरल्या. डबे कट्ट्यावर ठेवले, पदर खोचला आणि डिकीला दोन्ही हात लावले. त्यांचा जोर सरांनी मोजला नाही, पण वस्तुमान घटलं आणि बलही वाढलं. गाडी सुसाट निघाली. बायकोने दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, एक आचका बसला, धूर निघाला आणि इंजिन सुरू!

थांबवली तर परत बंद पडेल, या भीतीने तिने गाडी थांबवलीच नाही. गेटबाहेर चढावर दिसेनाशी झाली.

"बाह्य बल लागेपर्यंत आता ती जातच राहणार," सर समाधानाने म्हणाले. "हा पहिला नियम."

सासूबाईंनी पदर सोडला आणि कट्ट्यावरचे डबे एकेक करून माझ्या हातांवर रचले.

"धरा, जावईबापू. चालता चालता अंदाज घ्या, शंभरातले डबे किती आणि मी किती."