फोटो अंबाडीचा लावलाय!

गांजावरच्या या लेखात सटायव्हा आणि इंडिका असे गांजाचे दोन प्रकार सांगितलेत, पण ‘सटायव्हाने तरतरी, इंडिकाने झोप’ हा त्यातला हिशोब फारच सरधोपट आहे. टीएचसी आणि सीबीडी ही गांजातली दोन रसायनं; नशा टीएचसीनं चढते, सीबीडीनं नाही. झाडात कोणतं किती, त्यावर गुण ठरतो. अमेरिकेत २०१८ साली फिट्सच्या दोन दुर्मिळ आजारांवर मान्यता मिळालेलं औषध सीबीडीचंच. आपल्याकडं आयुर्वेदात भांग ‘विजया’ म्हणून जातीफलादी चूर्णात पडते, पण शोधन (शुद्धी) करून. ते घ्यायचं वैद्याच्या सांगण्यावरून, होळीच्या थंडाईसारखं नव्हे.

आणि गांजाचं झाड म्हणून जो फोटो लावलाय ती चक्क अंबाडी आहे! आमच्या परभणीकडं शेंबडं पोरगंही ओळखील. अंबाडीचं पान एकच, खोल चिरलेलं, चावलं की आंबटढाण. फूल फिकट पिवळं, मधोमध गडद तांबडं. गांजाला देठाच्या टोकापासून सुट्या, करवतीदार पात्या फुटतात, अन् फुलं अशी डोळ्यांत भरत नाहीत. उद्या कुणी बांधावरची अंबाडी बघून पोलिसांना फोन लावायचं.

लेख वाचून कुणी तुरीच्या आड ‘औषधापुरती’ चार झाडं लावायच्या विचारात असेल, तर १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. लेखात त्याबद्दल एक ओळ नाही.